टावी: व्हॉल्व्ह सोडण्याआधी कोन पक्का करा

पुणे परिसरातील कॅथलॅबमधल्या डॉक्टर व तंत्रज्ञांसाठी माहितीपत्रक

टावीचे (छाती न उघडता कॅथेटरने महाधमनीचा नवा व्हॉल्व्ह बसवण्याचे) साहित्य आणि सीटीवरून मापे काढून देणे हे आमचे काम. आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच: स्क्रीनवर व्हॉल्व्ह जागेवर दिसत होता, मग खोल कसा बसला? पुष्कळदा उत्तर सी-आर्मच्या (फिरत्या एक्स-रे यंत्राच्या) कोनात सापडते.

महाधमनीच्या मूळ व्हॉल्व्हच्या तिन्ही कस्पांचे (पाकळ्यांचे) तळ जोडणारे काल्पनिक कडे म्हणजे ॲन्युलस. नवा व्हॉल्व्ह हृदयाच्या डाव्या जवनिकेकडे (खालच्या कप्प्याकडे) किती उतरला ती खोली तिथून मोजायची. आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी ती साधारण 3 मिमी ठेवतात. हाताशी असलेली मोजपट्टी म्हणजे पिगटेल (टोकाला वळलेली बारीक नळी). 6 फ्रेंच (3 फ्रेंच म्हणजे 1 मिमी) पिगटेलची जाडी 2 मिमी, म्हणून 3 मिमी म्हणजे तिच्या दीडपट. 5 फ्रेंच घातली असेल तर हा हिशेब चुकतो, तेव्हा कोणती घातली आहे ते सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा.

पिगटेल नॉन-कोरोनरी (ज्यातून कोरोनरी धमनी निघत नाही त्या) कस्पच्या अगदी तळाशी टेकलेली हवी. ती वर सरकली की मोजणीचे शून्यच चुकते. मग उजवा आणि डावा कस्प एकमेकांवर येतील आणि नॉन-कोरोनरी एकटा सुटा दिसेल असा कोन घ्या. तो बहुधा आरएओ-कॉडल (सी-आर्म रुग्णाच्या उजवीकडे व पायांकडे झुकलेला) असतो. सीटीवरून दिलेला कोन फक्त सुरुवातीसाठी आहे. सीटीला रुग्णाचे हात डोक्यावर असतात, कॅथलॅबमध्ये खाली, त्यामुळे थोडा फरक पडतोच. थोडी डाय (एक्स-रेत दिसणारे औषध) सोडून खात्री करा. डिलिव्हरी कॅथेटरवरचा मार्कर लंबगोल दिसत असेल तर खोलीचा आकडा धरू नका. तो सरळ रेघ दिसायला हवा.

खोल गेल्यास धोका पेसमेकर बसवावा लागण्याचा. उजव्या आणि नॉन-कोरोनरी कस्पमधल्या पातळ पडद्याच्या खालच्या कडेशी हिजचा बंडल (हृदयातील विद्युत संदेशांची वाट) असतो. या पडद्याची लांबी प्रत्येकात वेगळी. ती 2 मिमीच असेल तर 3 मिमी खोलीही जास्तच, म्हणून आम्ही हे माप अहवालात वेगळे देतो. फार वर बसला तर व्हॉल्व्ह महाधमनीत निसटू शकतो. कोरोनरीचे तोंड ॲन्युलसपासून 10-12 मिमीपेक्षा कमी उंचीवर असल्यास ते झाकले जाऊ शकते, म्हणून आधीच सावध राहा.

कडक वायरचा वळसा डाव्या जवनिकेत मोकळा असू द्या. वायर ढकलली वा ओढली की व्हॉल्व्हही हलतो. आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह सावकाश सोडा, पेसिंग (यंत्राने ठोके चालवणे) मिनिटाला 100-120. परत आत घेता येणारा असेल तर शेवटच्या टप्प्याआधी थांबून पुन्हा डाय सोडून बघा. बलूनच्या व्हॉल्व्हला पेसिंग 180 च्या वर लागते, वरचा रक्तदाब 60 च्या खाली यायला हवा, आणि बलून पूर्ण रिकामा झाल्याशिवाय पेसिंग बंद करू नका. मध्येच पेसिंगची पकड सुटली तर हृदयाचा एक ठोका व्हॉल्व्हला वर फेकायला पुरतो.

मापांसाठी ईसीजीशी जुळवून काढलेल्या, 1 मिमी किंवा त्याहून पातळ छेदांच्या सीटीची डायकॉम (मूळ डिजिटल प्रतिमांची) डिस्क पाठवा. फिल्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्यावरून मापे निघत नाहीत.