भात कापल्यानंतरचा मळा

कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तरी उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही. इथली हिवाळी भाजी या अडचणीतून घडली. हौस वगैरे फार नंतरची.

दिवाळीच्या आगेमागे भात कापून झालं की खाचरात थोडी ओल उरते. तिच्यावर वाल, पावटा, कुळीथ, चवळी टाकायची आणि वरून पाणी द्यायचं नाही. शिवाय कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, म्हणजे भाताने दमलेल्या जमिनीला फुकटचं खत. रायगडातली पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, या वालावरच उभी आहे : मडक्यात भांबुर्डा या रानवनस्पतीचा पाला, शेंगा, ओवा, मीठ आणि भोवताली जाळ. सुकलेले कडवे वाल भिजवून, मोड आणून, सोलले की बिरडं. मोड आल्यावर कडधान्यात क जीवनसत्त्व वाढतं, हे शास्त्राने नंतर सांगितलं.

माठ, मुळा, वांगी, मिरची यांना मात्र सतत पाणी हवं. म्हणून मळा विहिरीलगत, नाहीतर वहाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालून त्याच्या काठाला. पाणी काढायला कुठे लाट, म्हणजे विहिरीवरचा पाणी ओढायचा लांब वासा, कुठे रहाट. घरचे पुरुष मुंबईला चाकरीला, त्यामुळे वाफे, शिंपण, बियाणं सगळं बहुतेक बायकांच्या हातात. काकडीच्या बिया शेणात मिसळून भिंतीला थापायच्या, बाकीचं बियाणं राखेत घोळून ठेवायचं.

या ‘पारंपरिक’ मळ्यातली बरीच मंडळी मुळात परदेशी, हे आपण सोयीस्कर विसरतो. मिरची, रताळं, टोमॅटो अमेरिकेतले. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. वसई 1534 ते 1739 त्यांच्याच ताब्यात होती. कोबी आणि बटाटा ही नावंसुद्धा पोर्तुगीजच. त्याआधी आपलं तिखट मिऱ्याचं!

1972 साली दापोलीला कृषी विद्यापीठ झालं. वालाची ‘कोकण भूषण’, चवळीची ‘कोकण सदाबहार’ या जाती तिथल्याच. पण तोवर घाटावरून भाजीचे ट्रक उतरू लागले होते, आणि विकतची भाजी शिंपावी लागत नाही. मळे ओस पडत गेले.

त्यात गेलं काय? तोडलेल्या पालेभाजीतलं क जीवनसत्त्व तासागणिक घटतं. घरामागच्या परड्यातला माठ तासाभरात चुलीवर असायचा. लाल माठातलं बीटा-कॅरोटीन शरीर अ जीवनसत्त्वात बदलतं, पण ते अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा. भाजीवर ओलं खोबरं पेरणाऱ्या बाईने हे कुठे वाचलं नव्हतं. घरची भाजी म्हणजे औषध नव्हे, हेही खरं. माठात ऑक्झलेट असतं, त्यामुळे त्यातलं सगळं लोह आणि कॅल्शियम काही पोटातून रक्तात जात नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते. दारात चार वाफे असले की निदान ताट हिरवं राहतं.

आता विहिरीवर पंप आहे, लाट ओढायला नको. तरी नव्याने मळा करणारे गावी आले की आधी जाळीचा भाव विचारतात. वानरं वांगी पिकूच देत नाहीत.