एक वॅट, चार अंश: आखाजीच्या नव्या फोनचं गणित

खान्देशात नवा फोन घ्यायचे दोन मोठे मुहूर्त: दिवाळी आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. दिवाळीचा फोन थंडीत रुळतो, त्याबद्दल सहसा कुणी कुरकुरत नाही. आखाजीचा फोन मात्र एप्रिल-मेमध्ये घरात येतो, आणि आठवडाभरात दुकानाच्या काउंटरवर परत दिसतो. "नवा फोन शे, तरी तपी ऱ्हायना!" (नवा फोन आहे, तरी तापतोय!) गिऱ्हाइकाचं म्हणणं असतं की पीसच खराब आहे, बदलून द्या. दुकानदार सांगतो, एक अपडेट आलं की थंड होईल. मोजलेला आकडा दोघांकडेही नसतो. खरं तर हे गणित आठवीच्या विज्ञानाच्या पलीकडचं नाही.

फोन बॅटरीतून जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते. पडद्याचा उजेड आणि अँटेनातून जाणाऱ्या रेडिओ लहरी एवढाच किरकोळ भाग ऊर्जा म्हणून बाहेर पडतो. लॅपटॉपसारखा पंखा फोनला नसतो, त्यामुळे उष्णता जायची ती अंगावरूनच. साधा फोन १६ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद धरला, तर पुढची आणि मागची बाजू मिळून २४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.०२४ चौरस मीटर जागा झाली. स्थिर हवेत अशा पृष्ठभागावरून उष्णता दोन वाटांनी जाते. एक, अंगाला लागलेली हवा तापून वर सरकते. दोन, पृष्ठभागातून अवरक्त किरण बाहेर पडतात. पृष्ठभाग हवेपेक्षा एक अंशाने गरम असेल तर पहिल्या वाटेने दर चौरस मीटरला साधारण ५ वॅट जातात आणि दुसरीने ६. बेरीज ११. म्हणजे फोनची निम्म्याहून जास्त उष्णता न दिसणाऱ्या किरणांतून जाते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आता ११ ला ०.०२४ ने गुणा. उत्तर येतं ०.२६. फोन हवेपेक्षा एक अंशाने तापला की पाव वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो. हेच उलटं मांडलं की हाताशी ठेवण्याजोगा नियम मिळतो: फोनमध्ये सतत खर्च होणाऱ्या दर एका वॅटमागे फोन भोवतालच्या हवेपेक्षा साधारण चार अंशांनी वर जाऊन स्थिरावतो. पुढचं बहुतेक सगळं या एका आकड्यातून निघतं.

व्हॉट्सअ‍ॅप चाळणं, बातम्या वाचणं हे एक-दीड वॅटचं काम. मोबाइल डेटावरचा व्हिडिओ कॉल अडीच-तीन वॅट खातो, भारी गेम किंवा फोर-के चित्रीकरण चार-पाच. हाताला चटका बसू नये म्हणून बहुतेक फोन पृष्ठभाग ४३-४५ अंशांच्या आसपास गेला की स्वतःला आवर घालू लागतात. मर्यादा ४३ धरू. खोलीत २५ अंश असतील तर हाताशी १८ अंशांची सवड आहे, म्हणजे साडेचार वॅट; गेमसुद्धा निभावतो. खोलीत ३५ अंश असतील तर सवड आठ अंशांची, म्हणजे दोनच वॅट. व्हिडिओ कॉलला धाप लागते. ४० अंशांत पाऊण वॅट उरतो, त्यात नुसता पडदा चालू ठेवणंही जड. आणि भुसावळ, जळगावात सावलीतला पारा ४३ वर गेला की शिल्लक शून्य. तिथून पुढे हवाच फोनला तापवते. त्यात हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीतला असतो. दुपारच्या पत्र्याच्या खोलीतला नाही.

पत्र्याची खोली हे प्रकरण वेगळंच. तापलेलं छत ६० अंशांपर्यंत जातं आणि खाली अवरक्त किरण फेकतं. म्हणजे फोनची दुसरी वाट नुसती बंद होत नाही, उलटी वाहू लागते. धाब्याच्या घरात मातीचा जाड थर दिवसभर ही उष्णता अडवून धरतो, म्हणून तोच फोन तिथे कमी तापतो. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. आयफोनच्या माहितीतच लिहिलेलं असतं की फोन शून्य ते ३५ अंश हवेत वापरावा. मार्च ते जून खान्देशातली दुपार या चौकटीत बसत नाही, इतकंच.

तापायला वेळ किती लागतो, हेही काढता येतं. दोनशे ग्रॅमचा फोन एक अंशाने तापवायला अंदाजे १७० ज्यूल लागतात. पाच वॅटचा गेम सुरू झाला की पहिल्या मिनिटाला पावणेदोन अंश चढतात, मग चढ मंदावत जातो. दहा-अकरा मिनिटांत एकूण वाढीचा दोन-तृतीयांश भाग पूर्ण होतो. "पहिली पाच मिनिटं मस्त चालतो, मग हँग होतो" या तक्रारीचं मूळ इथे आहे. तो हँग म्हणजे बिघाड नव्हे. प्रोसेसर जाणूनबुजून संथ होतो. त्याचा वीजखर्च वेगाच्या पटीत वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग २० टक्क्यांनी उतरवला आणि त्यासोबत व्होल्टेज १० टक्के कमी करता आलं, तर खर्च ०.८ गुणिले ०.८१, म्हणजे ६५ टक्क्यांवर येतो. एक-पंचमांश वेग सोडून एक-तृतीयांशाहून जास्त उष्णता वाचते. ही काटकसर बंद करण्याच्या क्लृप्त्या यूट्यूबवर मिळतात. त्या वापरू नयेत. तापलेल्या चिपमधून गळणारा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो, तो आणखी उष्णता करतो, ती आणखी गळती करते. या चक्राला लगाम घालणारी ही मुख्य सोय आहे.

जाहिरातीत हल्ली व्हेपर चेंबरचा फार गवगवा असतो. ही सहसा तांब्याची चपटी बंद डबी असते, आत थोडंसं द्रव. चिपपाशी ते उकळतं, वाफ थंड कडांकडे जाऊन पुन्हा द्रव होते आणि आतल्या जाळीतून केशाकर्षणाने परत येते. उत्तम युक्ती आहे, पण ती उष्णता फक्त पसरवते, घालवत नाही. गरम खिचडी ताटात पसरली की लवकर निवते, तसं. घालवायचं काम त्याच २४० चौरस सेंटिमीटरला करावं लागतं, आणि बाहेर ४३ अंश असतील तर डबी केवढीही असो, तिचा उपयोग नाही. याची एक गंमत अशी की चांगली डबी असलेला फोन सगळ्या पाठीवर सारखा कोमट लागतो, तर साधा फोन कॅमेऱ्याखाली एकाच ठिकाणी भाजतो. पूर्ण गरम लागणारा फोन आतून जास्त थंड असू शकतो.

कव्हर काढा, हा सल्ला सगळेच देतात. हिशेब केला तर दीड मिलिमीटरच्या सिलिकॉन कव्हरने आणि मधल्या हवेच्या पातळ थराने दर वॅटमागे जेमतेम पाव-अर्धा अंश वाढतो. गेमच्या वेळी तो दीड-दोन अंशांचा होतो, तेव्हा काढावं. नुसतं बोलताना काढून हाती काही लागत नाही. गादीवर ठेवलेल्या फोनचं मात्र तसं नाही. तिथे एक बाजू पूर्ण बंद होते आणि चार अंशांचा आकडा सरळ आठवर जातो. तेव्हा फोन शहाबादी फरशीवर ठेवा. पुढे कुलरचा झोत असेल तर उत्तमच. खान्देशातला मे कोरडा असतो. ४३ अंशांच्या कोरड्या हवेला वाळ्याचा कुलर २७-२८ पर्यंत उतरवतो, आणि वाहती हवा स्थिर हवेच्या दुप्पट-तिप्पट उष्णता ओढून नेते. फक्त तुषार उडतात त्या टप्प्यात फोन नको. फ्रिजचा मार्ग तर साफ चूक. पाच अंशांवर गेलेला फोन बाहेर काढताच त्यावर दव धरतं, आणि ते बाहेरच्या काचेवर दिसतं तसं आतल्या सर्किटच्या पट्टीवरही बसू शकतं. फोनला पाण्यापासून संरक्षण असल्याचा शिक्का आतल्या दवाला अडवत नाही.

उन्हाचा हिशेब याहून कठोर आहे. भर दुपारी दर चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊन पडतं. फोनच्या एका बाजूवर १२ वॅट, त्यातले काळ्या काचेत दहाएक मुरतात. म्हणजे सर्वांत भारी गेमच्या दुप्पट, तेही फोन बंद असताना. मोटारसायकलच्या टाकीवर किंवा उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. दरवर्षी नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांचे, संदेश फिरतात: सूर्य रोहिणीत येतो, पृथ्वीच्या जवळ येतो, मोबाइल फुटतील, नऊ दिवस बंद ठेवा. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. मेअखेरीस खरोखर घडतं ते वेगळं आहे: जळगाव २१ अक्षांशावर आहे आणि २५-२६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावली पडते. आडवा पडलेला फोन त्या वेळी पूर्ण तोंडाने ऊन झेलतो. नक्षत्राची भीती नको, टाकीवरून फोन उचला.

फोनच्या लहरी अडवण्याचा दावा करणाऱ्या, पाठीवर चिकटवायच्या 'रेडिएशन चिप'चंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये गायींसाठी नेमलेल्या राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी शेणापासून बनवलेली अशी चिप लोकांपुढे ठेवली होती. बाजारात सोनेरी स्टिकर तर पन्नास रुपयांनाही मिळतं. विचार एकच करायचा. स्टिकर लहरी अडवत नसेल तर ते निरुपयोगी आहे. अडवत असेल तर टॉवर फोनला सांगतो, आणखी जोरात बोल. फोर-जीवर फोन कमाल २०० मिलिवॅट बाहेर टाकतो, पण त्यासाठी आतला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या तीन-चार पट वीज ओढतो. म्हणजे फोन आणखी तीन अंशांनी गरम. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांत, धडगावकडे किंवा एका काडीच्या सिग्नलवर कुठेही, नुसता खिशातला फोन तापतो तो यामुळेच. फाइव्ह-जी येत-जात असेल तिथे सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क फोर-जीवर बांधून टाकावं. फोन थंड करणारी अ‍ॅप्स स्वतःच प्रोसेसर वापरतात, ती उडवावीत.

चार्जिंगचा भाग छोटा, पण बॅटरीचं आयुष्य त्यावरच ठरतं. बॅटरीचा आतला रोध ४० मिलिओहम धरला तर दोन अँपिअरवर त्यात ०.१६ वॅट उष्णता होते, पाच अँपिअरवर पूर्ण एक वॅट. प्रवाह अडीचपट, उष्णता सहापट. भोवतालच्या सर्किटची उष्णता वेगळी. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते; फोन त्यापुढे चार्जिंग स्वतःच मंद करतो किंवा थांबवतो, आणि लोक चार्जरला दोष देतात. शिवाय दर दहा अंशांमागे बॅटरीची झीज ढोबळमानाने दुप्पट होते. उन्हाळ्यात पहाटे पाच-सहाला, बाहेर २८-३० अंश असताना, साध्या १० वॅटच्या चार्जरने चार्ज करावं, ८० टक्क्यांची मर्यादा सेटिंगमध्ये असेल तर लावावी, आणि चार्जिंगवर असताना व्हिडिओ कॉल नको.

आता पीस खराब आहे का, हे कसं ओळखायचं? पहिले तीन-चार दिवस निकाल देऊ नका. नवा फोन जुन्या फोनमधले फोटो उतरवतो, त्यातले चेहरे ओळखून वर्गवारी लावतो, प्रत्येक अ‍ॅप आपल्या प्रोसेसरसाठी पुन्हा जुळवून घेतो. हे दीड-दोन वॅटचं काम तासन्‌तास मागे चालू असतं आणि ते संपतं. त्यानंतर सकाळच्या ३० अंशांत फोन पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, विमान मोड लावा आणि पडदा बंद करून अर्धा तास फरशीवर ठेवा. मग बॅटरीचं तापमान बघा. काही अँड्रॉइड फोनवर डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाइप केलं की ते दिसतं, नाहीतर सीपीयू-झेड किंवा अ‍ॅक्यूबॅटरीसारखं अ‍ॅप दाखवतं. शेजारी भिंतीवरचा साधा तापमापक ठेवा. निवांत फोन पाव वॅटही खात नाही, म्हणजे फरक एक अंशाच्या आत हवा. चार अंश दिसले तर आत कुणीतरी एक वॅट खातंय. बॅटरीच्या सेटिंगमध्ये कुठलं अ‍ॅप किती टक्के खातं ते बघा. मग सेफ मोडमध्ये, जिथे नंतर टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, तीच चाचणी पुन्हा घ्या. फरक नाहीसा झाला तर दोष अ‍ॅपचा. तसाच राहिला तर फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे सगळं पुसून फोन मूळ अवस्थेत आणून, एकही अ‍ॅप न टाकता, आणखी एकदा. तरीही चार अंश राहिले तर दोष फोनचा, आणि मग दोन्ही आकडे एकाच फोटोत टिपून सेवा केंद्रात जावं. "खूप गरम होतो" या वाक्यावर तिथे कुणी काही करत नाही. "३० अंशांच्या खोलीत, विमान मोडवर, रीसेटनंतर ३४" यावर करावं लागतं.

एक लक्षण मात्र कुठल्याही मोजमापाशिवाय गंभीर समजायचं. पाठ किंचित उचललेली, पडद्याच्या कडेला फट, सपाट फरशीवर ठेवला की फोन डुगडुगतो. बॅटरीत वायू साठतोय. असा फोन चार्जरला लावू नये, फट दाबून बसवू नये, रात्री उशाशी घेऊ नये. बंद करून गादी-कपड्यांपासून दूर उघड्या फरशीवर ठेवावा आणि दुकान उघडल्याबरोबर बॅटरीसाठी द्यावा.