कृत्यांप्रमाणे न्याय आणि कृपेने तारण : बायबलमधील एका जुन्या ताणाची पार्श्वभूमी

बायबलचे दोन भाग: जुना करार म्हणजे कठोर न्याय आणि नवा करार म्हणजे कृपा, अशी वाटणी पुष्कळदा ऐकू येते. बायबल वाचायला घेतले की ती टिकत नाही. निर्गमाच्या 34 व्या अध्यायात सीनाय पर्वतावर परमेश्वर मोशेला स्वतःची ओळख सांगतो: तो दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, अपराधांची क्षमा करणारा. आणि त्याच दमात, अपराध्याची गय न करणारा. 62 व्या स्तोत्राची अखेरही अशीच आहे. दया देवाची आहे आणि तो प्रत्येकाला त्याच्या कृत्याप्रमाणे फळ देतो, ही दोन विधाने तिथे एकमेकांना लागून येतात.

यहेज्केल या संदेष्ट्याने हे बाबेलच्या बंदिवासातल्या यहुदी लोकांपुढे मांडले. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, अशी म्हण त्यांच्या तोंडी होती. संदेष्ट्याने ती खोडून काढली: ज्याचे पाप त्यालाच भोवेल. पण त्याच 18 व्या अध्यायात, मागे फिरणाऱ्याचे पूर्वीचे अपराध आठवले जाणार नाहीत, असेही तो सांगतो. न्यायावरचा इतका करारी अध्याय क्षमेने भरलेला आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

नव्या करारातले प्रेषित पौलाचे रोमकरांस पत्र याच परंपरेतले आहे. दुसऱ्या अध्यायात तो स्तोत्रातलेच कृत्यांप्रमाणे फळ सांगतो. तिसऱ्यात, माणूस मोशेच्या नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो असे म्हणतो. त्याच्यासमोरचा मोठा प्रश्न होता, सुंता (यहुद्यांची देहावरची धर्मखूण) न झालेल्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, ख्रिस्ती मंडळीत कोणते स्थान? म्हणून तो उत्पत्ती 15:6 पुढे करतो: यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणला गेला; आणि तेव्हा त्याची सुंता झालेली नव्हती, असे पौल दाखवतो. याकोबही नव्या करारातल्या आपल्या पत्रात हेच वचन घेतो, पण अब्राहामाने पुत्र इसहाक याला अर्पण करायला नेले त्या प्रसंगाशी जोडून. त्याच्यापुढे उपाशी भावाला नुसते ‘सुखाने जा’ म्हणणारे लोक आहेत. वचन एक, ऐकणारे वेगळे. हा फरक सुटला की दोघांत उगाच भांडण लागते.

आणि ते लागलेच. पाचव्या शतकात ऑगस्टीन आणि पेलाजियस या ख्रिस्ती विचारवंतांच्या वादानंतर 418 मध्ये कार्थेजच्या परिषदेने, माणूस स्वतःच्या बळावर नीतीने जगू शकतो ही पेलाजियसची शिकवण नाकारली. 1522 मध्ये प्रोटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक ल्यूथर याने नव्या कराराच्या जर्मन भाषांतराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला ‘गवताचे पत्र’ म्हटले. रोमकरांस 3:28 मध्ये मूळ ग्रीकमध्ये नसलेला ‘केवळ’ हा शब्दही घातला. कॅथोलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 मध्ये केवळ विश्वासाची ती शिकवण फेटाळली.

समेटाला साडेचार शतके लागली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतल्या) आणि कॅथोलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: देवाकडून माणसाचा स्वीकार कृपेनेच होतो आणि ती कृपाच सत्कृत्यांना बळ देते. 2006 मध्ये मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथ त्यात आला. 2017 मध्ये रिफॉर्म्ड या दुसऱ्या प्रोटेस्टंट परंपरेतल्या मंडळ्यांनीही सही केली, ती ल्यूथरच्याच विटेनबर्ग गावात.