तळ्यातलं शेवाळ की तळ्यातलं गवत? आधी पेर बघा, मग मोरचूद

फाल्गुन सरला, ऊन तापायला लागलं की ठरावीक फोन येतात. "तळ्यात शेवाळ लई माजलंय. मोरचूद किती टाकू?" मोरचूद म्हणजे तांब्याचं निळं मीठ, कॉपर सल्फेट. मी आकडा सांगत नाही. उलट विचारतो, "त्याला पेरं हाईत का?" पलीकडचा माणूस गप्प होतो. उसाच्या पेरांवर जन्म काढलेल्या माणसाला शेवाळाची पेरं आजवर कुणी विचारलेली नसतात.

पण सगळा निवाडा तिथंच होतो.

आपण पाण्यातल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला शेवाळ म्हणतो. घाटाच्या पायरीवर पाय घसरवतं ते शेवाळ, कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर भेळ खाताना पाण्यावर दिसतो तो हिरवा तवंग शेवाळ, आणि शेततळ्यात पंपाच्या फुटव्हॉलला दोरखंडासारखं गुंडाळतं तेही शेवाळच. बोलण्यात हे खपून जातं, औषधाच्या दुकानात खपत नाही. पंचगंगेतल्या जलपर्णीची गोष्ट वेगळी. ती वर तरंगते, जांभळी फुलं काढते, पुलावरूनही ओळखू येते. तिच्याबद्दल कुणाची गफलत होत नाही. गफलत होते ती पाण्याखालच्या दोघांत.

पहिलं खरं शेवाळ. त्याला मूळ नाही, देठ नाही, पान नाही. तळ्यात ते दोन रूपांत भेटतं. एक म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचं, ज्यानं सगळं पाणीच हिरवं होतं. काठी फिरवली तर काठीला काहीच लागत नाही. दुसरं तंतूंचं, ओल्या कापसासारखं किंवा केसांच्या गुंत्यासारखं. हे तळाशी किंवा काठाच्या दगडांवर वाढायला लागतं. उन्हात त्यानं सोडलेल्या प्राणवायूचे बुडबुडे त्याच्याच जाळीत अडकतात आणि दुपारी चादरीच्या चादरी वर येतात. म्हणून शेतकरी सांगतो, "सकाळी नव्हतं, दुपारी आलं." आलं कुठून नाही, तळातून उठलं. मुठीत दाबलं की पाणी निथळतं आणि हातात बुळबुळीत लगदा उरतो.

दुसरं गवत. गवत आपलं म्हणायला. खरं तर ती पूर्ण झाडं आहेत, पाण्याखाली राहायला शिकलेली. त्यांतलं सगळ्यात त्रास देणारं हायड्रिला. लांब देठ, देठाला पेरं, आणि प्रत्येक पेराभोवती चार ते आठ बारीक पानांचं चक्र. पानाची कड दातेरी असते, बोट उलटं फिरवलं तर खरखर लागते. मुळं गाळात. हे अस्सल आपल्या मुलखातलं. १९५०च्या दशकात फिशटँकच्या हौसेपायी ते अमेरिकेत फ्लोरिडाला पोहोचलं आणि तिथले तलाव अजून त्याच्याशी झगडताहेत. बाहेरचं तण आपल्याकडे आल्याच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो, इथं गाडी उलटी गेली.

म्हणजे परीक्षा सोपी आहे. दाताळं टाका, ओढा, हातात घ्या. पेर आणि पान दिसलं तर गवत. नुसता गुंता, नुसती बुळबुळ, तर शेवाळ. एक लबाड मात्र लक्षात ठेवा, कारा. त्याला देठासारखं काहीतरी असतं, पेरांसारख्या गाठी असतात, फांद्यांची चक्रंही असतात. तरी ते शेवाळच. हातात चुरडा: लसणासारखा उग्र दर्प येतो आणि वाळूची कचकच लागते, कारण त्याच्या अंगावर चुन्याचं कवच चढलेलं असतं. ते जड पाण्यात रमतं, त्यामुळे शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानाकडं दिसलं तर नवल वाटू देऊ नका.

आणखी एक खूण तळ्याच्या बांधणीतच असते. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर शेततळी वाढली आणि त्यांतल्या बऱ्याच तळ्यांना प्लास्टिकचा कागद आहे. नव्या कागदावर गाळ नसतो, तर मूळ रुजणार कुठं? अशा तळ्यातली हिरवळ जवळजवळ नेहमी शेवाळच असते. मातीचं जुनं तळं किंवा चार पावसाळ्यांचा गाळ साठलेलं कागदाचं तळं असेल, तर दोन्ही असू शकतात. एकदम, एकात एक गुंतूनसुद्धा. तेव्हा एकच मूठ बघून निकाल देऊ नका, चार कोपऱ्यांतून दाताळं टाका.

आता मोरचूद. तांबं शेवाळाला मारतं, हे खरं. पण शेवाळासाठी जेवढी मात्रा देतात तेवढ्यानं हायड्रिलाचं फारसं काही बिघडत नाही. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, पन्हाळ्याच्या बाजूच्या रानातल्या मातीच्या तळ्यात हाच घोळ घातला. गवत हटेना म्हणून मात्रा वाढवली, दुसऱ्या आठवड्यात परत वाढवली. तिसऱ्या दिवशी कटला आणि रोहू पांढरी पोटं वर करून काठाला लागले. गवत जागच्या जागी उभं, थोडं पिवळं पडलेलं, बास. आण्णा आठ दिवस तळ्याकडं फिरकले नाहीत.

त्यांची चूक दुहेरी होती, आणि दुसरी जास्त शिकण्यासारखी आहे. मोरचुदाचा विषारीपणा पाण्याच्या अल्कलिनिटीवर, म्हणजे आम्ल पचवण्याच्या ताकदीवर ठरतो. मत्स्यशेतीतला सर्वसाधारण हिशेब असा: लिटरमागे जेवढे मिलिग्रॅम अल्कलिनिटी, त्याला शंभरानं भागायचं, येईल तेवढे मिलिग्रॅम मोरचूद दर लिटरला. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर मोरचुदाचं नावच काढायचं नाही. आपला कोल्हापूर जिल्हा या बाबतीत दोन टोकांचा आहे. गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, जांभा दगड, धुऊन निघालेली माती. तिथलं तळ्यातलं पाणी मऊ, जवळजवळ पावसाचंच. शिरोळला पाऊस त्याच्या एका तुकड्याएवढा आणि जमीन काळी, पाणी जड. शिरोळच्या पाहुण्यानं "मी एवढं टाकलं, काही झालं नाही" म्हणून सांगितलेली मात्रा गगनबावड्यासारख्याच शाहूवाडीच्या तळ्यात मासे मारू शकते. पाणी तपासून घ्या. अहवालात हा आकडा असतो, फक्त तो वाचायला कुणी सांगत नाही.

मग पाणी किती, हा प्रश्न. तीस बाय तीस बाय तीन मीटरचं तळं म्हटलं की लोक गुणाकार करून २,७०० घनमीटर धरतात. तळं म्हणजे हौद नव्हे, त्याच्या भिंती उतरत्या असतात. उतार एकास एक धरला तर तळ चोवीस बाय चोवीसचा राहतो आणि काठोकाठ भरलं तरी पाणी साधारण २,२०० घनमीटर. गुणाकारानं हिशेब केला की मात्रा सव्वापटीच्या जवळ जाते. आणि एप्रिल-मेमध्ये पाणी दीड मीटरवर उतरलं असेल तर ते निम्मं राहिलं असं वाटतं, पण राहतं साधारण ९७५ घनमीटर, म्हणजे निम्म्याहून बरंच कमी. शेवाळ माजतं ते याच दिवसांत, आणि डोस दिला जातो तो आठवणीतल्या भरलेल्या तळ्याचा. अल्कलिनिटी १०० असेल तर भरल्या तळ्याला सव्वादोन किलोच्या आत, आणि या उतरलेल्या तळ्याला एक किलोच्या आत. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीसाठी आणलेली मोरचुदाची पिशवी घरात आहे म्हणून ती रिकामी करायची नसते. विरघळवायचं ते प्लास्टिकच्या बादलीत. लोखंडाच्या बादलीत तांबं बादलीलाच बसतं.

शेवाळ असलं आणि मोरचूद द्यायचंच ठरलं तरी एका वेळी तळ्याचा तिसरा हिस्सा, मग दहा-बारा दिवस थांबा. शेवाळ मेलं म्हणजे गेलं नाही. ते कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. सगळं एकदम मारलं तर पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून श्वास ओढताना दिसतात. अनेकदा मासे मोरचुदानं नाही, या कुजण्यानं मरतात. आषाढातल्या सलग ढगाळ दिवसांत तर हा खेळ करूच नका. आणखी एक: मोरचुदातलं तांबं नाहीसं होत नाही, ते तळाच्या गाळात साठतं. दर वर्षी टाकणं हा काही धंदा नव्हे.

पाण्याचाच हिरवा रंग असेल तर काचेची पांढरी बाटली भरून रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता मोठी. त्यातले काही प्रकार विष सोडतात. म्हशी त्या तळ्यावर पाजू नका, त्या पाण्यात धुऊही नका.

गवताला औषधानं फार काही साधत नाही. कुणी ग्लायफोसेट सुचवतं. ते हिरव्या पानावर पडून आत जाणारं औषध आहे, पाण्याखालच्या पानाला पोहोचण्याआधी पाण्यात मिसळतं आणि गाळाला चिकटतं. राहतं ते हातानं काढणं, आणि इथंच उसाची गोष्ट परत येते. उसाची लावण आपण कशी करतो? पेराच्या कांड्या तोडून सरीत दाबतो आणि डोळा फुटतो. हायड्रिलाचंही तसंच. एका पेराचा तुकडा पाण्यात राहिला तरी त्याचं नवं रोप होतं. विळ्यानं कापून तुकडे पाण्यातच सोडणं म्हणजे तळ्यात लावण करणं. मी स्वतः पहिल्या वर्षी हे केलंय, आणि पावसाळा संपला तेव्हा जिथं कधी नव्हतं त्या कोपऱ्यातही गवत होतं. शिवाय गाळात वाटाण्याएवढे कंद राहतात आणि ते वर्षानुवर्षं तग धरतात, म्हणून एका उन्हाळ्यात सुटका होईल असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. शेवाळाचे तुकडे राहिले तरी तेवढं बिघडत नाही. शेवाळ जुन्या शेडनेटनं, दोन काठांवरून ओढून काढलं तरी चालतं. गवत मात्र मुळासकट, आणि निसटलेले तुकडे जाळीनं गोळा करून.

गवताचा सगळ्यात चांगला मजूर म्हणजे गवत्या मासा, ग्रास कार्प. १९५९ साली तो भारतात आणला गेला. हायड्रिला त्याला आवडतं, आणि तो बंद तळ्यात अंडी घालून वाढत नाही, त्यामुळे संख्या आपल्या हातात राहते. वीतभराच्या खाली सोडला तर मरळ त्याला खाऊन टाकते. तीस बाय तीसच्या तळ्यात सुरुवातीला आठ-दहा पुरेत, असं माझं मत. शेवाळाच्या गुंत्यावर मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. गवत मिळत असताना तो शेवाळाकडं बघतही नाही. चंदेरा मासा, म्हणजे सिल्व्हर कार्प, पाण्यातले कण गाळून खातो हे खरं, तरी त्याला सोडलं आणि हिरवं पाणी निवळलं असं दर वेळी होत नाही.

या दोघांचं आपसात वैर आहे, ही गोष्ट मला उशिरा कळली. गवत पाण्यातलं खत घेतं, पाणी निवळ ठेवतं. निवळ पाण्यात ऊन तळापर्यंत जातं आणि गवत आणखी वाढतं. शेवाळानं पाणी हिरवं झालं की ऊन अडतं आणि गवत मरगळतं. त्यामुळे सगळं गवत एका फटक्यात उपसलं, किंवा गवत्या मासे जास्त झाले, की पुढच्या महिन्यात पाणी वाटाण्याच्या सूपासारखं होतं. माशानं खाल्लेल्या गवतातलं खतही परत पाण्यातच पडतं ना. मग तोच माणूस फोन करतो, "शेवाळ गेलं होतं, परत आलं." गेलं होतं गवत, आलंय शेवाळ. म्हणून काठाची एखादी पट्टी, पाव तळ्यापर्यंत, मी मुद्दाम ठेवतो. मासेही तिथं अंग चोरून राहतात, बगळ्यापासून.

दोघांचं मूळ अन्न एकच: उसाच्या सरीतून वाहून येणारं युरिया आणि डीएपी, गोठ्याचं पाणी. फरक एवढाच, की शेवाळ ते थेट पाण्यातून घेतं, त्यामुळे वरून येणारी धार वळवली तर शेवाळावर एका हंगामात फरक दिसतो. गवत मुळांनी गाळातूनही घेतं. गाळ तसाच ठेवून नुसती धार वळवली तर त्याला कळतही नाही. तळं कोरडं पडेल तेव्हा गाळ उपसून रानात टाकणं, आणि काठ असे खोल घेणं की उथळ पट्टी राहू नये, हे गवताचे उपाय. कागदाच्या तळ्यात गाळ काढताना खोऱ्याचं टोक लागलं की कागद गेला, तिथं फळीनं ओढा.

काढलेलं गवत आणि शेवाळ दोन्ही बहुतांश पाणीच असतं, दोन दिवसांत ढीग बसतो. आण्णांनी गेल्या वर्षी तो ढीग तळ्याच्या बांधावरच रचला. वळवाचा पहिला पाऊस झाला आणि अर्धा ढीग, ओल्या पेरांसकट, परत तळ्यात. यंदा त्यांनी बैलगाडी लावून तो उसाच्या खोडव्याच्या सरीत नेला.