पांढरं जाणं आणि अल्कलीचा एक थेंब

‘अंगावरून पांढरं जातंय, म्हणजे हाडं झिजतायत’ हे वाक्य शिकल्यासवरल्या घरांतही अजून ऐकू येतं. त्यावर हाडं भरून काढणारी चूर्णं विकणारेही आहेत. या स्रावाचा हाडांशी काडीचाही संबंध नाही. तो गर्भाशयमुखाच्या ग्रंथींतून आणि योनीच्या अस्तरातून येतो. दोन पाळ्यांच्या मध्यावर आणि गरोदरपणी तो वाढतोच. घाण वास, खाज, जळजळ नसेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं.

योनीच्या पेशींत इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जमतो. त्याच्या विघटनातून मिळणाऱ्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) 3.8 ते 4.5 च्या आसपास ठेवतात. हे जिवाणू घटले की गार्डनरेला आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे इतर जिवाणू माजतात. हा बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनी आतून धुणाऱ्या बायकांत तो जास्त आढळतो, म्हणून सुगंधी वॉशच्या जाहिरातींना भुलू नये.

त्याच्या निदानाची 1983 मधली अ‍ॅम्सेल यांची पद्धत मला फार आवडते. पातळ, एकसारखा स्राव, 4.5 च्या वरचा पीएच, वास आणि सूक्ष्मदर्शकातल्या ‘क्लू’ पेशी (जिवाणूंनी झाकलेल्या योनीच्या अस्तराच्या पेशी), या चारांपैकी तीन खुणा पुरतात. यातली वासाची चाचणी म्हणजे निव्वळ रसायनशास्त्र. हे जिवाणू ट्रायमिथाइलअमाइनसारखी अमाइनं बनवतात. आम्लात अमाइनला जादा प्रोटॉन चिकटतो, त्यावर विद्युतभार येतो आणि ते पाण्यातच राहतं. स्लाइडवरच्या स्रावावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड या अल्कलीचा थेंब टाकला की तो प्रोटॉन निघून जातो. भार नाहीसा झालेलं अमाइन वायू होऊन उडतं आणि मासळीचा वास येतो. मासळीच्या वासातही हेच रसायन असतं. आपण तिला लिंबू किंवा आगळ चोळतो ती हीच क्रिया, फक्त उलट्या दिशेने. वीर्यही अल्कधर्मी असतं, त्यामुळे संबंधानंतर हा वास वाढतो. क्लू पेशींच्या कडा तर जिवाणूंच्या थराखाली दिसेनाशा होतात.

कँडिडा बुरशीत मात्र पीएच सहसा बदलत नाही. घट्ट, गुठळ्यांचा स्राव आणि तीव्र खाज असते. अँटिबायोटिकनंतर किंवा मधुमेहात ती बळावते. ट्रायकोमोनास हा परजीवी स्लाइड ताजी असतानाच वळवळताना दिसतो. त्यात जोडीदारालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर आजार परत येतो.

म्हणजे नुसतं वर्णन ऐकून गोळी देणं हा अंदाजच. पण तपासणी होते कुठे? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांना तपासलं, ते निष्कर्ष 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. 92 टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. लाज हे त्यामागचं मोठं कारण, आणि ती दूर करायची जबाबदारी डॉक्टरांचीही आहे.

ओटीपोटात दुखून ताप आला, किंवा पाळी बंद झाल्यावर रक्ताळलेला स्राव दिसला, तर थांबू नका. अशा वेळी गर्भाशयमुख प्रत्यक्ष पाहूनच पुढचं ठरवावं लागतं, कारण तिथला कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो.