पाण्यावर चालणारी गाडी

साध्या पाण्यावर चालणारे इंजिन कोणीतरी तयार केले होते, पण तेल कंपन्यांनी किंवा सरकारने ते दाबून टाकले, असा जगभर सांगितला जाणारा दावा. ऊर्जेचे शोध दडपले जातात, अशा कथांमध्ये हा सर्वांत चिवट आहे. पेट्रोलचे भाव चढले की तो पुन्हा फिरू लागतो. संशोधक गरीब, एकटा आणि पदवी नसलेला असला, तर तो लोकांना अधिकच आपला वाटतो.

फुकट फिरणाऱ्या चाकाचे स्वप्न जुने आहे. भास्कराचार्यांनी 1150च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त पोकळ आऱ्यांमध्ये पारा भरलेले ‘स्वयंवह यंत्र’ वर्णिले आहे. त्यात लबाडी नव्हती. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला गेला तो थेट 19व्या शतकात.

पाण्याच्या गाडीचा दावा मात्र याच नियमापाशी अडतो. पाणी विजेने फोडून त्यातला हायड्रोजन वायू इंजिनात जाळायचा, अशी त्यामागची कल्पना. हायड्रोजन जळून जे उरते ते पाणी, म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राखच. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. 9 लिटर पाणी फोडले की 1 किलो हायड्रोजन मिळतो. त्यासाठी किमान 39 युनिट वीज लागते, प्रत्यक्षातल्या यंत्रांना साधारण 50 किंवा त्याहून जास्त. त्याच हायड्रोजनवर गाडी पळवली, तर घातलेल्या विजेतली निम्मीही चाकापर्यंत पोचत नाही. गॅरेजमध्ये बसवून मिळणाऱ्या ‘हायड्रोजन किट’चे गणितही हेच. पाणी फोडणारी वीज बॅटरीची, बॅटरी भरतो अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाला जोडलेले वीज बनवणारे यंत्र, आणि अल्टरनेटर फिरतो पेट्रोलवरच. अशा किटसाठी पदरचे पैसे मोडणारा माणूस बहुधा रोज गाडीवरच पोट भरणारा असतो, म्हणून हे गणित सांगत राहायला हवे.

या दाव्याचा सर्वांत प्रसिद्ध नायक अमेरिकेतील ओहायोचा स्टॅन्ली मायर. त्याने आपली बग्गी, म्हणजे छोटी उघडी मोटार, पाण्यावर चालते असे सांगून गुंतवणूकदार मिळवले. त्यांपैकी दोघे न्यायालयात गेले. तज्ज्ञांनी त्याचा ‘सेल’, म्हणजे पाणी फोडणारे उपकरण, तपासला, तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत अपघटनापलीकडे (विजेने पाणी फोडण्यापलीकडे) काही आढळले नाही; 1996मध्ये न्यायालयाने ही फसवणूक ठरवून 25,000 डॉलर परत करायला लावले. मार्च 1998मध्ये रेस्टॉरंटमध्ये जेवताना तो गळा धरून बाहेर धावला आणि ‘मला विष घातले’ असे म्हणाला. शवविच्छेदनात मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगा फुटल्याचे निघाले. तरीही शेवटचे ते शब्दच लोकांच्या लक्षात राहिले.

भारतात 1996मध्ये तमिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल करण्याचा दावा केला, तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ आणि अधिकारीही क्षणभर भुलले. मेख ढवळण्याच्या दांड्यात होती. दांडा पोकळ, आत इंधन आणि टोकाला मेणाचे बूच. मिश्रण तापले की मेण वितळे आणि पाण्यावर ‘पेट्रोल’ तरंगू लागे. पुढे त्यांनी विकलेल्या इंधनात टोल्युईन, नॅफ्था अशी तेलउद्योगातलीच द्रव्ये असल्याचे तपासात निघाले. 2016मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

लोकांचा संशय निराधार आहे, असे मात्र म्हणता येत नाही. 1924मध्ये जिनिव्हात बड्या दिवा कंपन्यांनी ‘फीबस’ नावाने संगनमत केले. बल्ब 1,000 तासांपेक्षा जास्त टिकू द्यायचा नाही असे ठरले, कारखान्यांतले नमुने तपासले जात आणि जास्त टिकणारा बल्ब करणाऱ्याला दंड होई. अमेरिकेत 1951च्या कायद्याने पेटंटचे अर्ज गुप्त ठेवता येतात आणि असे हजारो आदेश आजही लागू आहेत. भारताच्या 1970च्या पेटंट कायद्यातही संरक्षणाशी संबंधित शोधांसाठी तशी तरतूद आहे; निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध जाणाऱ्या दाव्याला तोच कायदा पेटंट नाकारतो. पण फीबसने जो बल्ब दाबला, तो खरोखर उजेड देत होता. त्याचे करार, दंडाचे दर आणि चाचण्यांचे कागद नंतर बाहेर आले.

मायरची पेटंटे कोणी लपवली नाहीत. ती आकृत्यांसह छापली गेली, त्यांची मुदतही संपली आणि आता कोणालाही परवानगीशिवाय तो सेल बनवता येतो. अनेकांनी बनवलाही. घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा त्यातून निघाल्याचे तपासणीत अजून कोणाला दाखवता आलेले नाही.