युरोपचा रेल्वे पास: कुणाला मिळतो, कोणते कागद लागतात आणि आधी काय करायचं

पुणे-मुंबई रोज ये-जा करणाऱ्यांना पास आणि रिझर्व्हेशन यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. खिशात महिन्याचा पास असला तरी डेक्कन क्वीनच्या आरक्षित डब्यात हक्काने बसता येत नाही, पासधारकांचा डबा वेगळा असतो. तीच माणसं युरोपला निघाली की हा फरक विसरतात. पास काढला म्हणजे सगळं झालं असं त्यांना वाटतं. मग पॅरिसच्या स्टेशनवर कळतं की ज्या गाडीने जायचं, तिच्यात पासधारकांसाठी ठेवलेल्या जागा केव्हाच संपल्या आहेत.

पहिला प्रश्न पात्रतेचा. इथे पासपोर्टचा रंग बघत नाहीत, तुम्ही राहता कुठे ते बघतात. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास आहे. तो १९५९ साली सुरू झाला आणि आज त्यात ३३ देश येतात. युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल पास आहे. तुमचा मुलगा भारतीय पासपोर्टवर जर्मनीत शिकत असेल आणि त्याच्याकडे तिथला रहिवासी परवाना असेल, तर तुम्ही काढाल युरेल आणि तो काढेल इंटररेल. गाड्या तुमच्या त्याच, डबा तोच, पण त्याला स्वतःच्या राहत्या देशात पासवर फक्त एकदा बाहेर पडायचा आणि एकदा परत यायचा प्रवास करता येतो. म्हणजे आईबाबांना जर्मनीभर फिरवायचं असेल, तर त्याने स्वतःसाठी साधी तिकिटं काढलेली बरी.

या सगळ्या देशांत चालणारे ग्लोबल पास दोन तऱ्हांचे असतात. एकात सलग १५ दिवस, २२ दिवस, १ ते ३ महिने कधीही बसा. दुसऱ्यात महिनाभरात कुठलेही ४, ५ किंवा ७ दिवस, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस. एका शहरात तीन-चार रात्री राहून पुढे जाणाऱ्या कुटुंबाला दुसरी तऱ्हाच परवडते. प्रवास सुरू करताना वय २७ पर्यंत असेल तर तरुणांचा दर लागतो, ६० पूर्ण असतील तर ज्येष्ठांचा. ४ ते ११ वर्षांची दोन मुलं एका मोठ्या माणसाबरोबर फुकट येतात. फुकट असला तरी मुलाचा पास काढावाच लागतो, आणि रिझर्व्हेशनचे पैसे त्याचेही पडतात.

आता क्रम, कारण खरी गडबड इथेच होते. आधी मुक्काम ठरवायचे, मग व्हिसा, मग पास, आणि पास हातात आल्याबरोबर रिझर्व्हेशन. माझ्या आत्या आणि आतोबांनी हा क्रम उलटा केला. सवलतीत मिळतोय म्हणून पास आधी घेतला, तोही परत न होणारा. मग एका एजंटाच्या सांगण्यावरून, जिथे फक्त दोन रात्री राहणार होते त्या देशाच्या व्हिसा केंद्रात अर्ज केला, कारण तिथली अपॉइंटमेंट लवकरची होती. व्हिसा नाकारला गेला आणि पासचे पैसेही गेले. दोघांनी निवृत्तीनंतर इतकी वर्षं वाट बघितली होती. ते आठवलं की अजून वाईट वाटतं, म्हणून ही माहिती सविस्तर लिहितोय.

नियम असा आहे: शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे तुमच्या रात्री सर्वांत जास्त. रात्री सारख्या असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. समजा पॅरिसला ३ रात्री, स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला ३, व्हिएन्नाला ५ आणि प्रागला ३. मग अर्ज ऑस्ट्रियाकडे, विमान पॅरिसला उतरत असलं तरी. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट बघा. मोठ्यांची फी ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांची ४५ युरो, त्याहून लहानांना फी नाही. अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

कागदांत पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पानं कोरी असलेला हवा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो, सही केलेला अर्ज, किमान ३०,००० युरोचा प्रवास वैद्यकीय विमा, विमानाचं आणि सगळ्या रात्रींचं बुकिंग. बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह, इन्कम टॅक्स रिटर्न, नोकरी असेल तर पगाराच्या स्लिपा आणि रजा मंजूर असल्याचं ऑफिसचं पत्र, निवृत्त असाल तर पेन्शनचे कागद. शेतीचं उत्पन्न दाखवायला सातबारा जोडणार असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. मूल फक्त आई किंवा फक्त वडिलांबरोबर जात असेल, तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र लागतं.

अर्जासोबत जोडायच्या पत्रावर, म्हणजे कव्हर लेटरवर मात्र एक संध्याकाळ नीट खर्च करा. त्यात तारीखवार तक्ता द्या: तारीख, सकाळी कुठे, कोणत्या गाडीने कुठे, रात्री मुक्काम कुठे. शहर बदलतं त्या ओळीत ‘रेल्वे पासने’ असं लिहिलं की पुरतं. व्हिसासाठी पास विकत घेतलेला दाखवावा लागत नाही. हॉटेलच्या तारखा आणि तक्त्यातल्या तारखा एका रात्रीचाही फरक न पडता जुळल्या पाहिजेत.

लंडन मध्ये घालायचं असेल तर दोनदा विचार करा. ब्रिटन पासमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, आणि पॅरिसहून लंडनला जाऊन परत युरोपात यायचं तर शेंगेन व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा लागतो. सर्बिया, तुर्कस्तान यांचंही तेच.

व्हिसा आला की पास. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांवर नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळू नका. पास मोबाइलवर येतो आणि घेतल्यापासून ११ महिन्यांत सुरू करावा लागतो. सुरू करताना पासपोर्ट क्रमांक आणि पहिली तारीख भरायची. तो पहिला दिवस उजाडेपर्यंत तारीख बदलता येते, नंतर नाही.

वरच्या सहलीला किती दिवसांचा पास लागेल ते बघू. पॅरिसहून बासेल आणि तिथून इंटरलाकेन हा एक दिवस. इंटरलाकेनहून झुरिकमार्गे व्हिएन्ना हा दुसरा. व्हिएन्नाहून साल्झबुर्ग बघून परत हा तिसरा. व्हिएन्ना ते प्राग, साधारण चार तास, हा चौथा. म्हणजे महिन्यातल्या चार दिवसांचा पास पुरला. यात सक्तीचं रिझर्व्हेशन फक्त पॅरिसहून निघणाऱ्या टीजीव्ही या वेगवान गाडीला लागतं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत बहुतेक गाड्यांत नुसतं चढायचं आणि रिकाम्या जागेवर बसायचं. झुरिकहून रात्रीची गाडी पकडली तर बर्थचे पैसे वेगळे, पण मध्यरात्रीनंतर गाडी बदलली नाही तर निघायचा एकच दिवस मोजला जातो. हॉटेलची एक रात्र वाचते, मात्र व्हिसाच्या तक्त्यातही ती रात्र ‘गाडीत’ अशी दाखवा.

फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्या आणि पॅरिस-लंडन धावणारी युरोस्टार यांना रिझर्व्हेशन सक्तीचं आहे. केवळ हेच देश करणार असाल तर पासचा हट्ट धरू नका. आधी काढलेली सुटी तिकिटं बहुधा स्वस्त पडतात. इंटरलाकेनजवळच्या युंगफ्राऊच्या डोंगरगाडीवर पास चालत नाही, फक्त सवलत मिळते. जर्मन शहरांत पास एस-बानवर, म्हणजे लोकल गाड्यांत चालतो, यू-बान (मेट्रो) आणि ट्रामवर नाही.

प्रत्येक प्रवासाच्या दिवशी गाडीत पाऊल ठेवण्याआधी पासच्या ॲपमध्ये ती गाडी शोधून पासला जोडायची आणि तिच्यापुढचं बटण सरकवून चालू करायचं. मग क्यूआर कोड येतो. तपासनीस तो कोड स्कॅन करतो आणि पासपोर्ट मागू शकतो. गाडीत बसल्यावर जोडू म्हणाल तर दंड होऊ शकतो. हे काम फार तर प्लॅटफॉर्मवर, शक्यतो त्याआधी हॉटेलच्या वायफायवरच उरका. आईबाबांचे पास तुमच्याच फोनवर ठेवले असतील तर सगळ्यांनी एकाच डब्यात बसा, आणि पॉवर बँक बॅगेत नको, हाताशी ठेवा.